तंबू आणि ओटी

मोटरसायकलवर एकट्याने लांब निघायचं ठरलं की माणूस महिनाभर आधीपासून याद्या करायला लागतो. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट. गॅसचा छोटा स्टोव्ह, एक पातेलं. पंक्चर किट, टायर लिव्हर, जादा ट्यूब, क्लच केबल, चेनची लिंक. यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक 'समजा' दडलेलं असतं. समजा केबल तुटली, समजा रात्री लॉज मिळाला नाही, समजा चार तास खायला काही दिसलं नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच हट्ट असतो: कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये. सोलो राइडचं हल्ली जे आकर्षण आहे ते बरंचसं या हट्टाचं आहे, आणि दुकानंही तोच विकतात.

हा हट्ट किलोत मोजता येतो. जड सामान मागच्या कॅरियरवर उंच बांधलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि वेग घेतला की हँडल वळवळायला लागतं. म्हणून जाणती माणसं हत्यारं आणि पाणी सॅडलबॅगांच्या तळाशी, जमेल तितकं पुढे ठेवतात. वर फक्त तंबू आणि झोपायचं सामान. बंजीच्या दोरीपेक्षा साधा पट्टा बरा. खड्ड्यात गाडी उसळली की बंजी ताणते, हुक निसटतो आणि दोरी मागच्या चाकात गुंतते. पावसाळी सूट सगळ्यांत वर, हाताला लागेल असा, कारण पाऊस सामान सोडायला सवड देत नाही. एवढं जमलं की गाडी पहाटे साडेचारला दाराशी उभी राहते आणि घरचे लोकेशन पाठवत राहायची तंबी देऊन, न झोपलेल्या डोळ्यांनी फाटकापर्यंत येतात.

स्वयंपूर्णतेचा हा आव किती टिकतो? माझ्या मते पहिला धक्का बसेपर्यंत. मनालीकडून स्पितीला जाताना ग्राम्फू ते बातल हा पट्टा घ्या. डोंगरावरचं बर्फाचं पाणी इथे अनेक ठिकाणी रस्त्यावरूनच वाहतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला ऊन तापलं की दुपारपर्यंत गुडघ्याला लागतो, आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. तिथे सामानासकट सव्वादोनशे किलोची गाडी आडवी झाली तर एकट्याने उचलायची रीत आहे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये टाकायची. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. गाडीकडे पाठ करून बूड सीटला टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा कॅरियरला, आणि कमरेला ताण न देता मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. रीत चांगली आहे, शिकून ठेवावी. पण पाण्यात गोट्यांवरून बूट सरकत असतात आणि मागून आलेला ट्रकवाला तोवर पँट दुमडून पाण्यात उतरलेला असतो. शहाणा रायडर अशा नाल्यापाशी थांबून दुसऱ्या गाडीची वाट बघतो. म्हणजे सोलो प्रवासातला सगळ्यांत शहाणपणाचा क्षण कुणाची तरी वाट बघण्याचा असतो.

टेड सायमन हा ब्रिटिश पत्रकार ऑक्टोबर 1973 मध्ये 500 सीसीच्या ट्रायम्फवर लंडनहून एकटा निघाला आणि चार वर्षं जगभर फिरला, भारतातूनही गेला. त्याच्या 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' या पुस्तकाने पुढे कित्येकांना घराबाहेर काढलं. लोक त्यातली धाडसं लक्षात ठेवतात. मला त्यातली बंद पडलेली गाडी आणि तिच्याभोवती जमलेली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. ब्राझीलमध्ये तर त्याला संशयावरून कोठडीत टाकलं होतं. चार वर्षांच्या त्या 'एकटेपणा'त माणसांचीच गर्दी आहे.

आपल्याकडे तर तंबू ठोकायचा म्हणजेच कुणाला तरी विचारायचं. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने माळरानावर जबाबदारीने मुक्काम करायची मुभा दिली आहे. गाडी तेवढी रस्त्याकडेला ठेवून आत पायी जायचं. आपल्याकडे तसं काही नाही. शेताला मालक असतो, गायरान ग्रामपंचायतीकडे असतं, राखीव जंगलात विनापरवाना शिरणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि देवळाच्या आवारात पुजाऱ्याला विचारावं लागतं. संध्याकाळी पाचच्या पुढे रायडरचं खरं काम सुरू होतं ते हे. पारावर गाडी लावायची, हेल्मेट काढायचं (चेहरा दिसला पाहिजे), आणि पोलीसपाटलांचं किंवा सरपंचांचं घर विचारायचं. तोवर पोरं गाडीभोवती जमतात आणि मायलेज विचारून झालं की थोरांचा प्रश्न येतो, "एकटेच? घरी ठाऊक आहे ना?"

पुढे काय होतं हे फिरणाऱ्या कुणालाही विचारा. तंबू उघडूच देत नाहीत. "तंबू कशाला अन् काय, ओटीवर पडा की. रात्री इकडं जनावर फिरतं." फार तर जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी मिळते. तिथे शहाबादी फरशीत खुंटी जाणार नसते, म्हणून आपल्या वाटांवर खुंट्यांविना उभा राहणारा तंबूच घ्यावा. नऊच्या सुमाराला कुणीतरी ताट झाकून आणतं: भाकरी, पिठलं, ठेचा. हजारो रुपयांचं कॅम्पिंगचं सामान गाडीवर तसंच बांधलेलं राहतं आणि महिनाभराच्या यादीतले निम्मे 'समजा' एका ताटाने निकालात निघतात.

ही व्यवस्था आपल्याकडे जुनीच आहे. नर्मदा परिक्रमेत तर ती नेमच होती. तेराशे किलोमीटरची नदी कायम उजव्या हाताला ठेवून फिरायचं, प्रवाह ओलांडायचा नाही, उद्याचा शिधा आज बांधायचा नाही, सदावर्तात मिळेल ते खायचं. लेखक गो. नी. दांडेकरांनी (गोनीदांनी) 'कुण्या एकाची भ्रमणगाथा' याच वाटेवर घडवली. महानुभाव पंथातही शिष्यांना एकाकी अटन, म्हणजे एकट्याने भटकणं, सांगितलेलं आहे. आपण परावलंबी आहोत हे उघड मान्य करून निघणारा तो प्रवासी आणि दोन केबल, तीन चार्जर घेऊन निघणारे आपण, यात मोकळा कोण, असा प्रश्न मला बराच काळ पडत असे. उत्तरही तयार असे: तो.

आता ते उत्तर तितकं सरळ वाटत नाही, कारण ओटी मिळण्याआधी आडनाव विचारलं जातं. माझं आडनाव ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडलेली नाही. 'रस्त्यावरची माणसं किती चांगली असतात' हे माझं म्हणणं त्या आठी न पडण्यावर उभं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दोन प्रवास सांगितले आहेत. 1901 साली लहानगा भीमराव आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला निघून मसूर स्टेशनात उतरली. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं मिळणार असूनही त्यांना नेईनात. शेवटी एकजण तयार झाला तो गाडी मुलांनीच हाकायच्या अटीवर. जेवण बरोबर होतं, प्यायला पाणी मिळालं नाही आणि मुलं तशीच उपाशी राहिली. दुसरा प्रसंग 1917 चा, बडोद्याचा. परदेशातून शिकून नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. सदावर्ताच्या, धर्मशाळेच्या, ओटीच्या ज्या परंपरेचं आपण कौतुक करतो तिला ही दुसरी बाजू आहे, आणि ती पुरती इतिहासजमा झाली असं म्हणायला जीभ रेटत नाही.

बाईचंही तसंच. एल्स्पेथ बिअर्डने 1982 ते 84 मध्ये बीएमडब्ल्यूवर एकटीने जगप्रदक्षिणा केली. आज आपल्याकडच्या कितीतरी मुली एकट्याने लडाखला जाऊन येतात. पण "एकटीच?" हा प्रश्न त्यांना विचारला जातो तेव्हा त्यात काळजी किती आणि चौकशी किती हे त्यांना क्षणात ओळखावं लागतं. पुरुष रायडर अंधार पडल्यावरही 'बघू' म्हणू शकतो. तिला चार वाजताच ठरवावं लागतं, आणि कुठे उतरलोय ते जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं.

तेव्हा तंबूबद्दलचं माझं मत बदललं आहे. ज्याला ओटी सहज मिळते त्याच्यासाठी तंबू ही हौस आहे. त्याने तो घरी ठेवला तरी चालेल, गाडी तेवढीच हलकी होईल. ज्याला किंवा जिला ओटीची खात्री नाही, त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी तंबू म्हणजे आडनाव न सांगता, कुणाच्या नजरेला उत्तर न देता मिळणारी रात्र आहे. पण तो टाकायला जागा लागते, आणि ती पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर.

हॉटेलं, रिसॉर्टं, 'ग्लॅम्पिंग'चे हजारो रुपयांचे तंबू याने हा प्रश्न सुटत नाही. हवं आहे ते फारच साधं: सपाट जमीन, नळ, संडास, रात्रभर जळणारा दिवा आणि एक पहारेकरी. महाराष्ट्रात हे सगळं बहुतेक तालुक्यांत एसटीच्या आगारात आधीच आहे. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर धावली. आज महामंडळाची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत. त्यातल्या बऱ्याच आवारांत पडून राहिलेली जागा आहे. एसटीचं तिकीट काढताना कुणी आडनाव विचारत नाही. त्याच न्यायाने आगाराच्या एका कोपऱ्यात आठ-दहा तंबूंची जागा आखावी, रात्रीचे शंभर रुपये घ्यावेत, पावती द्यावी. सायकलवाले, पायी जाणारे, वारकरी, सगळ्यांनाच ती उपयोगी पडेल. महामंडळाने निदान दहा आगारांत हे करून बघावं.