घरगुती विनोदाचे सत्य : दूरचित्रवाणी मालिका आणि पिढ्यांचे वास्तव

दूरचित्रवाणीवरील एखादी कौटुंबिक विनोदी मालिका पाहून प्रेक्षक जेव्हा ‘अगदी आमच्या घरातलेच आहे हे’ असे म्हणतो, तेव्हा तो वरकरणी एक वस्तुनिष्ठ विधान करीत असतो. पडद्यावरचे घर आणि स्वतःचे घर यांची त्याने तुलना केली आहे व ती दोन्ही सारखी आढळली आहेत, असा त्या विधानाचा अर्थ होतो. परंतु हेच विधान एकाच घरातील आजोबा, मुलगा आणि नात असे तिघेही करतात, आणि त्या तिघांचे घराविषयीचे अनुभव मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, हे ध्यानात घेतले की विधानाचे स्वरूप पालटते. ते वर्णन न राहता संमती होते. ही संमती घर जसे आहे त्याला दिली जाते, की घर जसे असावे असे वाटते त्याला? आणि इच्छित घराला वास्तव घराच्या नावाने संमती मिळविणे कलादृष्ट्या क्षम्य असले, तरी नैतिकदृष्ट्या ते क्षम्य आहे काय?

भरताने नाट्यशास्त्रात केलेला लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद येथे उपयोगी पडतो. या मालिकांचा बाह्य थर लोकधर्मी असतो. स्टोव्हच्या जागी गॅसची शेगडी येते, टेलिफोनच्या जागी मोबाइल येतो, संवादांत त्या त्या काळचे शब्द येतात. वास्तवदर्शनाची चर्चा बहुधा या थरापाशीच थांबते. अंतर्रचना मात्र पूर्णतः नाट्यधर्मी असते. भागाच्या आरंभी विस्कटलेली घडी भागाच्या अखेरीस पुन्हा बसते आणि पुढील भाग जणू काही घडलेच नव्हते अशा रीतीने सुरू होतो. प्रत्यक्ष घरात असे होत नाही. सुनेला एकदा बोललेला शब्द वीस वर्षांनी एखाद्या लग्नकार्यात अकस्मात वर येतो. दैनंदिन जीवनात भांडणे परत परत होतात, तशीच ती साठतही जातात. विनोदी मालिकेने पुनरावृत्ती स्वीकारलेली असते आणि साठवण वगळलेली असते. हास्यास्पद दोष हा दुःखदायक वा विनाशक नसतो, असे ॲरिस्टॉटलने सुखात्मिकेविषयी म्हटले आहे. मालिकेतील कुटुंबाला स्मृती नसणे ही त्या अटीची पूर्तता होय. याचा अर्थ असा, की ज्या वगळण्यामुळे विनोद शक्य होतो, त्याच वगळण्यामुळे वास्तव उणे होते.

मराठीपुरते पाहिले तर काळाच्या अंगानेही एक विसंगती आढळते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या भूमिका असलेली ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका घरोघरी लोकप्रिय झाली. तिचे मूळ असलेले चिं. वि. जोशी यांचे लेखन मात्र मुख्यतः स्वातंत्र्यपूर्व काळातील होते. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ सालचे आहे. म्हणजे मराठी दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात ज्या घराला प्रेक्षकांनी आपले म्हटले, ते बहुतांशी त्यांच्या आईवडिलांचे वा आजोबांचे घर होते. प्रतिबिंब हा शब्द त्यामुळे येथे फसवा ठरतो, कारण प्रतिबिंब समकालीन असावे लागते. पडद्यावर दिसत होते ते निर्धोक झालेले दैनंदिन जीवन. ज्या ओढाताणीने एकेकाळी माणसे पोळली होती, ती पुढल्या पिढीला हसण्याजोगी झाली होती.

‘वागले की दुनिया’चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही हिंदी मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. २०२१ मध्ये सब वाहिनीवर तिचा नवा अवतार सुरू झाला. त्यात अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हेच वागले पतिपत्नी आता आजी-आजोबा झाले आणि कथेचा भार सुमीत राघवन यांनी साकारलेल्या मुलाच्या संसाराकडे गेला. मधली तेहतीस वर्षे कोणत्याही संहितेने लिहिलेली नव्हती. ती नटांच्या चेहऱ्यांवर आपोआप उमटली होती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये (२००१) सत्तावन्न वर्षांच्या प्रभावळकरांनी आबांचे म्हातारपण अभिनयाने धारण केले होते, वागले दांपत्याचे म्हातारपण खरोखरच आलेले होते. जी साठवण मालिकेच्या रचनेने नाकारली, ती येथे नटांच्या देहाने परत आणली. तरीही तेहतीस वर्षांत त्या घरात काय काय सलत राहिले असेल, याचा हिशेब विनोदाच्या चौकटीत मांडता येत नाही. चेहऱ्यांना काळ आहे, संबंधांना नाही.

‘टिपरे’ मालिका प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली होती. त्या लेखनाचा आकृतिबंध या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तीन पिढ्यांतील माणसे आपापल्या रोजनिशा लिहितात आणि तीच घटना प्रत्येकाच्या वहीत निराळी होऊन उतरते. पिढ्यांचे वास्तव एकवचनी नसते याची कबुली या रचनेत अंतर्भूत आहे. परंतु या साऱ्या वह्या एकत्र वाचणारा घरात कोणीही नाही. ते भाग्य केवळ वाचकाचे. सुनेला सासऱ्याचे मन कळत नाही, नातवाला आजोबांचे कळत नाही, बाहेरच्याला मात्र सर्वांचे कळते. हास्य निर्माण होते ते ज्ञानाच्या या विषमतेतून. मग प्रेक्षकाचे ‘अगदी आमच्या घरातलेच’ हे विधान आणखी संशयास्पद ठरते. स्वतःच्या घरात तोही एका वहीचाच मालक असतो. पडद्यासमोर अर्ध्या तासापुरती लाभलेली सर्वज्ञता तो आपल्या घरातील समजूतदारपणा मानून घेतो.

हा धोका काल्पनिक नाही, हे अमेरिकेतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. ‘ऑल इन द फॅमिली’ ही १९७१ मध्ये सुरू झालेली मालिका आर्ची बंकर हा पूर्वग्रहदूषित बाप आणि त्याचा उदारमतवादी जावई यांच्या एका छपराखालील वादांवर उभी होती. आर्चीला हास्यास्पद करून पूर्वग्रहच हास्यास्पद करावेत, हा निर्माते नॉर्मन लीअर यांचा हेतू होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले, की अधिक पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांचा ओढा आर्चीकडे होता. एकाच विनोदावर दोन्ही पक्ष हसत होते आणि प्रत्येकाला आपल्याच बाजूचे वास्तव दिसत होते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की दिवसभराच्या श्रमाने शिणलेल्या माणसाला अर्ध्या तासाचा विसावा देणाऱ्या कलाप्रकाराकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आक्षेपात तथ्य आहे. वाद मिटतो हे दाखविणे मुळात असत्य नव्हे. एकत्र राहणाऱ्या माणसांना उद्या सकाळी पुन्हा त्याच स्वयंपाकघरात यावे लागते, आणि न मिटलेले वादही मिटल्यासारखे वागविणे हा दैनंदिन जीवनाचाच भाग आहे. शिवाय ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखाली उरलेल्या नाहीत, तेथे अशी मालिका उणिवेची जाणीवही जागवू शकते. परंतु विसावा आणि दाखला यांत भेद आहे. आमच्या वेळी घरे अशी होती, असे सांगण्यासाठी मालिकेचा आधार घेतला जातो, तेव्हा विसावा दाखला होतो. आणि ते घर बहुधा शहरी, पगारदार, पांढरपेशा असल्याने इतर घरांची स्मृती त्या दाखल्यात नोंदलीच जात नाही. चाळीतील एका खोलीत दहाजणांनी काढलेली वर्षे, वा गावी एकटे राहिलेले आईबाप, यांना या परंपरेत क्वचितच जागा मिळते.

म्हणून वास्तवतेचा निकष वस्तूंच्या वा बोलीच्या यथातथ्यतेवर ठेवता येत नाही. भागाच्या अखेरीस सर्वजण हसत असताना त्या हास्याची किंमत कोणी मोजली, हे मालिका दिसू देते की झाकते, हा खरा निकष होय. घरातील कोणाचे म्हणणे दर वेळी विनोदात विरते, माघार नेहमी कोण घेते, शेवटचे वाक्य कोणाच्या वाट्याला येते, एवढे तपासले तरी एका पिढीने दुसऱ्या पिढीविषयी काय मानून घेतले होते ते हाती लागते. ज्या मालिकेत आजोबांची वही घरात कोणी वाचत नाही हे प्रेक्षकाला क्षणभर तरी बोचते, ती वास्तवाच्या अधिक जवळ आहे. ज्या मालिकेत ते बोचत नाही, तिच्यातील स्वयंपाकघर कितीही हुबेहूब असले तरी ते घर कोणाचेच नसते.