रसदेचा आकडा

येलहंक्यातल्या आमच्या घरावरून वायुदलाची विमाने घरघरत जातात, तेव्हा माझा सोळा वर्षांचा मुलगा मान वर करीत नाही. तो प्रशांत महासागरात असतो. ‘वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन’ हा २००९ साली आलेला संगणकावरचा खेळ. त्यातली एक खेळी म्हणजे युद्धाचा एक दिवस. नकाशा हिंदुस्थानपासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. युद्धखेळ म्हणजे नुसता गोळीबार, अशी माझी समजूत होती. हा मात्र तासन् तास मालवाहू जहाजे जुळवतो. कुठल्या बंदरात किती माल उतरेल, तेल कुठे संपेल, याच्याच विवंचनेत असतो.

एकदा त्याने विचारले, “आई, सप्लायला मराठीत काय म्हणायचे?”

“रसद,” मी म्हटले. भाषांतराचा धंदा असल्याने उत्तर लगेच आले. मागाहून मात्र ते डोक्यातून जाईना.

रसद या शब्दाचे मोल मराठी माणसाला पानिपतने शिकवले. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दोआबातून येणारे धान्य आटले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी लढाईला उभी राहिली. म्हणूनच हा खेळ मला प्रामाणिक वाटतो. शौर्यापेक्षा पोट आधी, हे तो लपवत नाही. इतिहासकार अकिरा फुजिवारा यांच्या हिशेबाप्रमाणे त्या महायुद्धात मेलेल्या सुमारे २३ लाख जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक उपासमारीने व तिच्यातून आलेल्या आजारांनी गेले. बेटावर सैन्य उतरवून जहाज न पाठवणारा सेनापती आपल्याच माणसांना मारतो, हे माझ्या मुलाला खेळातून कळले. पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते.

पण या खेळात रसद हा एकच आकडा आहे. तांदूळ, काडतुसे, औषधे, सुटे भाग, सगळे त्यात विरघळलेले. तो आकडा तळावर साठतो, रस्त्याने सरकतो, फौज तो खाते. कोणाच्या कणगीतून आला, हे विचारायची सोय नाही.

हिंदुस्थानच्या कोपऱ्यात ते विचारावेच लागते. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. शत्रू बंगालच्या किनाऱ्यावर उतरला तर त्याला अन्न आणि वाहन मिळू नये, म्हणून सरकारने तिथल्या जिल्ह्यांतला ‘जादा’ तांदूळ उचलला आणि दहा किंवा अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या, मोडल्या, दूर नेल्या. नोंदलेल्या सुमारे ६६ हजार होड्यांपैकी ४५ हजारांच्या आसपास अशा गेल्या. नदीकाठच्या कोळ्याची, कुंभाराची, बेटावर शेती करणाऱ्याची रसद त्याच होडीवर चालत होती. १९४३ च्या दुष्काळाची कारणे आणखीही होती: वादळ, महागाई, साठेबाजी, उशिरा आलेली मदत. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू १५ लाख धरले. नंतरचे अनेक अभ्यासक ३० लाखांपर्यंत जातात.

शत्रूची रसद तोडणे ही शहाणी खेळी. ती तोडताना जे तुटले, ते पटावर दिसत नाही. मग खेळ अनैतिक म्हणावा का? मला तसे वाटत नाही. सगळे दाखवणारा नकाशा नकाशाच राहत नाही. शिवाय पटावर कोणी मरत नाही; कचेरीतल्या अधिकाऱ्याच्या सहीने मात्र खरी होडी फुटते.

उपाय म्हणून दुष्काळही मोजावा, इतके लोक मेले की इतके गुण वजा, असे मी मुलाला सुचवले. तो जरा थांबून म्हणाला, “मग काय, तेवढे गुण देऊन टाकायचे आणि पुढे जायचे. परवडत असेल तर.”

या उत्तराने मी निरुत्तर झाले. न मोजलेला माणूस दिसत नाही. मोजलेला माणूस किंमत होऊन बसतो, आणि किंमत मोजता येते. हिशेबात घ्यावे की बाहेर ठेवावे, दोन्हीकडे चूकच.

आपणही काही वेगळे नाही. पानिपतच्या छावणीत फौजेबरोबर यात्रेकरू आणि बायकामुले होती, हे आपण हळहळून सांगतो. गोविंदपंत ज्या दोआबातून धान्य जमवीत, तिथल्या रयतेच्या चुलीचे काय झाले, हे मराठीत मी क्वचितच वाचले. तोडलेल्या रसदेचे दुःख आपले. उचललेल्या रसदेचे दुःख दुसऱ्याचे, म्हणून ते हिशेबात नाही.

भाषांतरात एखादा शब्द नेता आला नाही, तर मी खाली टीप देते. टीप मजकुरात मिसळत नाही, आणि मजकुराला ती विसरूही देत नाही. मेलेल्यांची जागा बहुधा अशीच असावी: बेरजेत नाही, पण बेरजेच्या इतकी जवळ की सही करताना नजर तिच्यावर पडावी. त्याने हात थांबेलच असे नाही. पण थांबला नाही, तर निदान ‘माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही.

हे येलहंक्यातून लिहिताना मीही पटावरच बसले आहे. १९४४ मध्ये इथल्याच धावपट्टीवर मॉस्किटो विमानांचे वैमानिक तयार होत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. तेही कोणाचे तरी धान्य खातच असतील.

मुलाने त्या रात्री ताफा कलकत्त्याला पाठवला. उतरलेला माल फौजेच्याच खात्यात गेला. दुसरे खाते त्या खेळात नाही.