छापखान्यातलं बारसं

१९८६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने शेक्सपिअरची समग्र नाटकं नव्याने काढली. त्यात स्टॅन्ली वेल्स आणि गॅरी टेलर या संपादकांनी ‘सिंबेलिन’ नाटकाच्या नायिकेचं नाव बदलून टाकलं. १६२३ पासून जी इमोजेन म्हणून छापली जात होती, तिची आता इनोजेन झाली. संपादकांचं म्हणणं असं, की हा बदल नव्हेच. छापखान्याने हिरावलेलं नाव आम्ही तिला परत दिलं. पण मधल्या ३६३ वर्षांत इमोजेन हे नाव नाटकातून बाहेर पडलं होतं. त्या नावाच्या खऱ्याखुऱ्या मुली जन्मल्या, शिकल्या, काही नावारूपाला आल्या, म्हाताऱ्या होऊन गेल्याही. त्यांच्या नावाचं काय करायचं, हा प्रश्न संपादकांच्या कामात येत नव्हता. मला मूळ वादापेक्षा तोच अधिक चघळावासा वाटतो.

आधी वाद पाहू. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. सात वर्षांनी त्याच्या कंपनीतले दोन नट, हेमिंग्ज आणि काँडेल, यांनी त्याची ३६ नाटकं एका जाडजूड ग्रंथात छापून घेतली. त्यांतली निम्मी नाटकं त्याआधी कधी छापलीच गेली नव्हती. ‘सिंबेलिन’ त्यांतलंच, आणि ग्रंथात अगदी शेवटचं. त्यामुळे आधीची छापील प्रत शेजारी ठेवून नाव ताडून पाहण्याची सोय नाही. हातात आहे ते एवढंच, की कुणा धंदेवाईक लेखनिकाने केलेली स्वच्छ प्रत छापखान्यात गेली आणि तिच्यावरून खिळे जुळवले गेले. त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षरात ‘एम’ म्हणजे तीन आखूड उभ्या रेघा आणि दोन ‘एन’ म्हणजे तशाच चार. एक रेघ पुसट उमटली, किंवा वाचणाऱ्याचे डोळे दमलेले असले, की इनोजेनची इमोजेन झालीच. ज्यांच्या भाषेत ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या कथेत आनंदीबाईंचा हेतू होता आणि अक्षर बदलल्याने एका पेशव्याचा जीव गेला. इथे हेतू कुणाचाच नव्हता आणि एका नावाला जन्म मिळाला.

पुरावे तीन बाजूंनी येतात. सायमन फोरमन नावाचा लंडनचा एक ज्योतिषी-वैद्य १६११ च्या सुमारास हे नाटक पाहून आला आणि त्याने त्याचं टिपण केलं. त्यात राजकन्येचं नाव इनोजेन आहे, म्हणजे त्याच्या कानांनी तरी तेच ऐकलं. दुसरा पुरावा शेक्सपिअरच्याच घरातला. ‘मच अडू अबाउट नथिंग’च्या १६०० सालच्या छापील प्रतीत मेसिनाचा राज्यपाल लिओनाटो याची बायको इनोजेन रंगमंचावर येते, अशी सूचना आहे. आणि ‘सिंबेलिन’च्या नायिकेचा नवरा कोण, तर पॉस्थ्युमस लिओनाटस. लिओनाटो-इनोजेन ही जोडी नाटककाराच्या डोक्यात आधीपासून घोळत होती, असं म्हणायला चांगलीच जागा आहे. तिसरा पुरावा हॉलिन्शेडच्या इतिहासग्रंथाचा. शेक्सपिअर आपला प्राचीन ब्रिटन तिथूनच उचलत असे, आणि त्यात ब्रिटनच्या आद्य राजाच्या राणीचं नाव इनोजेन आहे.

त्या ‘मच अडू’मधल्या इनोजेनबद्दल थोडं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती येते, पण अख्ख्या नाटकात तिच्या तोंडी एक शब्द नाही. पोटच्या मुलीवर भर लग्नात बदफैलीपणाचा आळ येतो, बाप मुलीच्या मरणाची भाषा करतो, आणि आई गप्प. अठराव्या शतकात थिओबाल्ड या संपादकाने ती अडगळ म्हणून काढूनच टाकली, तेव्हापासून बहुतेक आवृत्त्यांत ती नाही. एकाच नावाच्या दोघी: एकीला संपादकांनी हाकललं आणि दुसरीला तिचं नाव द्यायला हट्ट धरला.

फोरमनच्या टिपणाचीही एक गंमत आहे. ते १८३६ मध्ये प्रथम छापून प्रसिद्ध केलं जॉन पेन कॉलियरने, आणि हा गृहस्थ पुढे शेक्सपिअरविषयक बनावट कागद तयार करण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. त्यामुळे बरीच वर्षं अभ्यासक या साक्षीकडे संशयाने पाहत. टिपण अस्सल आहे, हे आता मान्य झालं आहे. उलट बाजूचा खरा जोर वेगळ्याच मुद्द्यात आहे. १६२३ च्या ग्रंथात हे नाव एकदा-दोनदा येत नाही, नाटकभर येतं आणि दर वेळी इमोजेनच येतं. खिळे जुळवणारा एखाद्या ठिकाणी चुकेल; प्रत्येक ठिकाणी तोच घोटाळा कसा करील? त्यावर उत्तर असं, की चूक त्याच्या आधीच्या लेखनिकाने केली आणि एकदा ठरवलेलं वाचन शेवटपर्यंत इमानाने पाळलं. शेक्सपिअरनेच मागाहून नाव बदललं असेल, ही शक्यताही उरतेच. मला विचाराल तर नाटकापुरतं पारडं इनोजेनकडे झुकतं.

पण ‘मूळ नाव’ म्हणजे तरी कुठवर मागे जायचं? १२व्या शतकात, ११३६ च्या सुमारास, मॉनमथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा लॅटिन इतिहास लिहिला. इतिहास कसला, बखरच म्हणा. त्यात ट्रॉयच्या वंशातला ब्रूटस ग्रीक राजा पांड्रासस याला हरवतो आणि त्याची मुलगी मागून घेतो. तिचं नाव इग्नोगे. जहाज किनारा सोडतं तशी ती रडत राहते, किनारा दिसेनासा होईपर्यंत नजर काढत नाही, शेवटी रडून थकून झोपते. त्या सगळ्या लढाया आणि भविष्यवाण्यांच्या गर्दीत हा एक प्रसंग माणसाचा वाटतो. आपल्याकडच्या ओव्यांतली सासुरवाशीण याहून वेगळी काय असते? पुढे हीच इग्नोगे कुणाच्या लेखणीतून इनोजेन झाली, कुणाच्या इग्नोजेन. कवी स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’मध्ये तर ती ग्रीसची न राहता इटलीची झाली. चारशे वर्षं दर लेखक आपापल्या कानाने नाव लिहीत होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खुद्द शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या उरल्या आहेत, त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. नावाचं एकच शुद्ध रूप असतं, बाकीची रूपं म्हणजे चुका, ही समजूत छापील पुस्तकं, कोश आणि सरकारी नोंदवह्या यांच्याबरोबर रुजत गेली. ज्या छापखान्याने चूक केली म्हणतात, त्याच छापखान्याने पुढे ‘चूक’ या कल्पनेलाही धार आणली.

अर्थाचं प्रकरण याहून मजेदार. आयरिश आणि स्कॉटिश गेलिकमध्ये ‘इंगेन’, ‘इनिअन’, ‘निअन’ अशा रूपांत मुलगी या अर्थाचा शब्द आहे आणि इनोजेनचा धागा बहुधा तिथेच जोडला जातो. म्हणून नावांच्या पुस्तकांत इमोजेनपुढे ‘कन्या’, ‘कुमारिका’ असा अर्थ सापडेल. काही पुस्तकं लॅटिनमधल्या निष्पापपणाच्या शब्दाशी नातं लावतात, काही प्रतिमेच्या शब्दाशी. हे दुसरं तर उघडच ‘एम’ अक्षर आल्यानंतर सुचलेलं. ग्रीक राजाच्या लेकीला गेलिक नाव कसं, असा प्रश्न विचारायचा नसतो. नावाला अर्थ असायलाच हवा, हा आग्रह आपल्यालाही अनोळखी नाही. बारशाच्या दिवशी आत्याने कानात नाव सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, “म्हणजे काय गं?” मग हिंदी सिनेमातून आलेल्या कियारा-शनायालाही कुठला तरी प्रकाश, कुठला तरी सूर्यकिरण चिकटवून दिला जातो. इमोजेनच्या बाबतीत नाव आधी ठरलं आणि अर्थ मागून धापा टाकत आला.

तिचं नाव कानावर पडू लागलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. विल्यम गॉडविनने १७८४ मध्ये ‘इमोजेन’ नावाची कादंबरिका लिहिली. मॅथ्यू लुइसच्या ‘द मंक’ या १७९६ च्या भुताखेतांच्या कादंबरीतल्या एका गाजलेल्या पोवाडावजा कवितेत वचन मोडणारी इमोजीन आली. मग समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. हॅझलिटने १८१७ मध्ये शेक्सपिअरच्या पात्रांवर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवात ‘सिंबेलिन’ने केली. स्विन्बर्नने १८८० मधलं आपलं पुस्तक तिच्या नावावर संपवलं. १८९२ मध्ये कवी टेनिसन वारला, तेव्हा त्याच्याबरोबर ‘सिंबेलिन’ची प्रत पुरली.

या भक्तीचं कारण फार गोंडस नाही. नाटकात इमोजेनचा नवरा रोममध्ये बसून तिच्या शीलावर पैज लावतो. दुसरा माणूस पेटाऱ्यात लपून तिच्या शेजघरात शिरतो, तिचं कंकण चोरतो आणि अंगावरच्या तिळाची खूण सांगून पैज जिंकतो. नवरा नोकराला पत्र पाठवतो, तिला मारून टाक. ती मुलाच्या वेशात रानोमाळ भटकते आणि शेवटी त्याच नवऱ्याला मिठी मारते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पुरुषांना ही बाई आवडणार नाही तर काय! ती बापाला तोंडावर उत्तरं देते, नाटकातल्या राणीच्या मूर्ख मुलाला दोन शब्दांत गार करते, पण ही तिची बाजू त्या कौतुकात फारशी येत नाही. पुरुषवेशात ती स्वतःचं नाव फिडील, म्हणजे एकनिष्ठ, असं सांगते आणि रोमन सेनापती म्हणतो, नाव शोभतं हो तुला. मुलीला शोभणारं नाव ते हे. तरी लोकांनी लेकींसाठी उचललं इमोजेन, ज्याचा अर्थ कुणाला धड ठाऊक नव्हता. निष्ठा हवी होतीच, पण ती नावात उघडी लिहिलेली नको होती.

स्विन्बर्नचं पुस्तक आलं त्याच १८८० साली हॅरल्ड लिटलडेल या बडोद्यात शिकवणाऱ्या गृहस्थाचा एक लेख ‘मॅकमिलन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. त्याने बडोद्यात मराठी ‘सिंबेलिन’चा प्रयोग पाहिला होता. नाटक विष्णु मोरेश्वर महाजनी यांचं, नाव ‘तारा’. महाजनींनी राजकन्येचं केवळ भाषांतर केलं नाही, तिला नवं नाव देऊन आपल्यातली केली. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीचं नाव ताटातल्या तांदळांत लिहून बदलण्याची रीत होतीच. तेव्हा नाटकातल्या एका परक्या मुलीचं नाव बदलताना महाजनींना अवघडल्यासारखं वाटायचं कारण नव्हतं. तारा हे पंचकन्यांतलं नाव, म्हणजे प्रेक्षकांच्या मनात त्याला आधीच जागा होती. शिवाय त्या काळी मराठी रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुषच करत. मुलगा राजकन्या होतो आणि राजकन्या पुन्हा मुलगा होते, हा खेळ लंडनच्या प्रेक्षकांनी १६११ मध्ये पाहिला तसाच तो बडोद्याच्या प्रेक्षकांना सहज पाहता आला. लंडन तो एव्हाना विसरून गेलं होतं.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र नाव नाटकातून घराघरांत जाऊ लागलं होतं. पुढे मोठी छायाचित्रकार झालेली इमोजेन कनिंगहॅम १८८३ मध्ये अमेरिकेत जन्मली. वडिलांनी शेक्सपिअरच्या नायिकेवरूनच तिचं नाव ठेवलं. १९०७ मध्ये संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या घरी मुलगी झाली, तीही इमोजेन. तेव्हा होल्स्टला संस्कृतचं वेड होतं. ‘सीता’ ही त्याची संगीतिका वर्षभरापूर्वीच पूर्ण झाली होती आणि पुढच्याच वर्षी ‘सावित्री’ झाली. रानात नवऱ्यासाठी मृत्यूशी बोलणारी सावित्री, लंकेहून परतलेली सीता आणि पाळण्यात इमोजेन. घरातल्या नावांचा हा मेळ त्याला जाणवला असेल की नाही कोण जाणे. ही मुलगी स्वतः संगीतकार झाली, १९५०च्या अखेरीस शांतिनिकेतनात येऊन राहिली, इथलं संगीत शिकली, आणि पुढे बारा वर्षं संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या कामात गढून गेली. तिचं नाव आता नाटकातल्या नायिकेचं राहिलं नव्हतं, ते तिचं झालं होतं.

अमेरिकेत त्याच नावाला शेवटी एक ‘ई’ जोडला गेला आणि उच्चार इमोजीन असा लांबला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ते रूप तिथे चांगलंच चालत होतं; टीव्हीवर गाजलेली विनोदी नटी इमोजीन कोका त्याच पिढीतली. मग ते आजीबाईंचं नाव झालं आणि मागे पडलं. बिनशेपटीचं इमोजेन तिथे विरळाच राहिलं. इंग्लंडमध्ये उलटं घडलं. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ते मोजक्या, पुस्तकं बाळगणाऱ्या घरांपुरतं होतं; १९९०च्या दशकानंतर पसरलं आणि इंग्लंड-वेल्सच्या सरकारी यादीत पहिल्या शंभर नावांमध्ये बरीच वर्षं टिकलं. म्हणजे संपादकांनी ते पुस्तकातून काढलं आणि त्यानंतरच्याच वर्षांत आईबापांनी ते भराभरा उचललं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नाही, आणि मला नेमकं तेच आवडतं.

२०१६ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली तेव्हा, हा वाद रंगमंचावर समोरासमोर आला. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘सिंबेलिन’मध्ये राजकन्या इनोजेन होती. लंडनच्या ग्लोब थिएटरने त्याच वर्षी नाटकाचं शीर्षकच बदलून ‘इमोजेन’ केलं. राजा सिंबेलिन नाटकात असून नसल्यासारखा, मग नाव त्याचं कशाला, असा त्यांचा सवाल. एका संस्थेने लेखकाचा हक्क राखला, दुसरीने बाईचा. पुढच्या वर्षी निघालेल्या आर्डेन आवृत्तीने पुन्हा इनोजेनच छापलं, केंब्रिजच्या आवृत्तीने तर ते २००५ मध्येच केलं होतं. आज यांतली एखादी आवृत्ती इंग्लंडमधल्या एखाद्या कॉलेजात शिकवली जात असेल, तर वर्गाच्या हजेरीपटावर एखादी इमोजेन असणं सहज शक्य आहे. इनोजेन मात्र शोधून सापडायची नाही.