उरलेल्या वर्षांचा हिशेब

दिवाळी चार दिवसांवर आली होती. घरात चकलीच्या भाजणीचा खमंग वास दरवळत होता आणि अंगणात आमच्या दादाचा ट्रक मुका होऊन उभा होता. किल्ली फिरवली की स्टार्टर एकदा कण्हायचा आणि गप्प बसायचा. गाडी अठरा वर्षांची. कोल्हापूरचा गूळ पुण्याला न्यायचा आणि परतताना मिळेल तो माल आणायचा, हा तिचा नेम. ऐन हंगामात तिने असा असहकार पुकारला, तेव्हा दादाने वायरमनला बोलावणे धाडले.

त्याने बॅटऱ्यांची बुचे उघडली आणि काचेच्या नळीने एकेका कप्प्यातले पाणी ओढून त्याची घनता पाहिली. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन्ही मिळून चोवीस व्होल्ट होतात. प्रत्येकीच्या पोटात सहा कप्पे, प्रत्येक कप्पा साधारण दोन व्होल्टचा. चांगल्या भरलेल्या कप्प्यातले आम्लपाणी १.२५च्या वर घनता दाखवते. एका बॅटरीच्या पाच कप्प्यांनी तेवढी दाखवली, सहावा १.१२वर येऊन थांबला.

"सेल बसला," वायरमन म्हणाला. "आणि दुसरी बॅटरीबी तशी थकलेलीच हाय."

दादाने लगेच हिशेब मांडला. "ही गाडी अजून दोन वर्षं चालेल, फार तर तीन. तिला दोन्ही बॅटऱ्या नव्या घ्यायच्या म्हणजे जख्ख म्हातारीला शालू नेसवायचा! बिघडलीय तेवढीच बदलू. तीही दुरुस्त केलेली मिळाली तर बघ."

दादा कंजूष नाही, हे आधीच सांगून टाकतो. डिझेल, टायर, विमा, मुलीच्या कॉलेजची फी या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या माणसाने दमडी मोजली, तर त्याला नावे ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. जे थोडेच दिवस टिकायचे आहे, त्याच्यावर किती खर्च करावा? हा प्रश्न मात्र ट्रकपाशी थांबणारा नाही. आपण सारेच तो कधी ना कधी विचारतो, आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात विचारतो. कारण मोठ्याने विचारायची लाज वाटते.

आमच्या काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की त्याच म्हणायच्या, "आता कितीसं बघायचं राहिलंय?" आम्हांलाही ते पटले. खरे सांगायचे तर ते सोयीचे होते, म्हणून पटले. सहा महिने असेच गेले. काकू तांदूळ बोटांनी चाचपून निवडू लागल्या. दारात कोण आले हे कळेना, म्हणून दारात येईनाशा झाल्या. शेवटी एकदाची शस्त्रक्रिया केली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी माझ्या पत्नीकडे टक लावून पाहिले आणि विचारले, "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या हसण्यात चोरट्यासारखे झाले. उरलेली वर्षे मोजताना ती वर्षे दिवसादिवसाने जगावी लागतात, हे मी विसरलो होतो. म्हातारपणाच्या वाट्याला वर्षे कमी येतात. पण त्यातला एकेक दिवस काही छोटा नसतो. तोही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सबंधच काढावा लागतो.

अंगणात हा हिशेब चालला असताना ट्रकचे ड्रायव्हर पायरीवर बसून सगळे ऐकत होते. पन्नाशीचे गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. एवढ्या बोलण्यात त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मी विचारले, "मामा, तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय म्हणणं असनार, गुरुजी? मालक देतील ती बॅटरी." मग थोडे थांबून म्हणाले, "पर बॅटरीवर भरवसा नसला की इंजिन बंद करायचं धाडस होत न्हाई. मार्केटात नंबर लागंस्तवर रातभर चालूच ठेवायचं. त्या घरघरीत झोप कुठली? न्हाईतर उतार बघून गाडी लावायची आन् चाकाला दगड. तो सरकंल का, ह्या घोरानं जागं ऱ्हायाचं."

दादा काही बोलला नाही. मामा पुढे म्हणाले, "आन् खंबाटकीच्या चढाला इंजिन बंद पडलं आन् बॅटरीनं हात टेकलं, तर मागचं दिवंबी लागत न्हाईत. अंधारात मागनं मोटरसायकलवाला येतो. त्याला कसं दिसावं?"

मला वाटते, आमच्या हिशेबातली चूक इथे होती. बॅटरी निवडत होता दादा; सल्ला देत होतो मी. पण स्वस्त बॅटरीची खरी किंमत आम्ही दोघेही मोजणार नव्हतो. ती मामा आपल्या झोपेतून मोजणार होते. आणि एखाद्या रात्री ती असा कोणी मोजणार होता, ज्याचे नावही आम्हांला कधी कळले नसते. आपल्या पैशाने केलेली काटकसर हा सद्गुणच आहे. परंतु दुसऱ्याच्या जिवावर केलेली काटकसर हे एक प्रकारचे कर्ज असते, आणि ते देणाऱ्याला आपण विचारलेले नसते.

वायरमनने दुसरा मुद्दा काढला. "एक नवी, एक जुनी अशी जोडी लावू नका. तरणा बैल आन् थकलेला बैल एका जुवाला जोडल्यागत व्हतंय." जोडणी अशी असते की दोन्हींतून एकच प्रवाह जातो. एक चार्ज होऊन ओसंडते, दुसरी अर्धवट राहते. काही दिवसांत नवीही जुनीसारखी होते. म्हणजे अर्धी काटकसर ही पुष्कळदा पुरी उधळपट्टी ठरते.

दादाने शेवटी दोन्ही बॅटऱ्या नव्या घेतल्या. मात्र सर्वांत महागड्या घेतल्या नाहीत. ट्रकला लागतात तेवढ्याच ताकदीच्या, पेटीत नीट बसणाऱ्या आणि कमी मुदतीच्या वॉरंटीच्या घेतल्या. "गाडी भंगारात गेली तर बॅटऱ्या काढून दुसऱ्या गाडीला लावता येतील," असे म्हणून त्याने मनाची समजूतही घातली. मला ती पटली. पण तिच्यावर भिस्त ठेवावीशी वाटली नाही. काकूंचे डोळे काढून दुसऱ्या कोणाला लावता येणार नव्हते. म्हणून काय ते बरे करायचे नव्हते?

एक गोष्ट राहिली. जुन्या बॅटऱ्यांना दारावरचा भंगारवाला दुकानापेक्षा थोडे जास्त पैसे देत होता. त्या बॅटऱ्यांत शिसे असते. ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून तर त्यांना भाव. पण वस्तीच्या कडेला उघड्या भट्टीत ते वितळवले की त्याची धूळ मातीत मिसळते, आणि त्याच मातीत पोरे खेळतात. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. आपल्याकडे २०२२ साली झालेल्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा रीतसर पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दादाने जुन्या बॅटऱ्या दुकानातच जमा केल्या आणि मला म्हणाला, "मास्तर, हीही तुमच्या मोटरसायकलवाल्याचीच भावंडं ना?"

धनत्रयोदशीच्या पहाटे मामांनी किल्ली फिरवली आणि पहिल्याच हाकेला ट्रकने ओ दिली. त्यांनी लगेच इंजिन बंद केले. पुन्हा चालू केले. पुन्हा बंद केले. लहान मुलासारखा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

त्या संध्याकाळी काकू पणत्या मांडत बसल्या होत्या. पणत्या मागल्या वर्षीच्याच होत्या. काठ काळवंडलेले, एकीचा टवका उडालेला. "जुन्या चालतील की," त्या म्हणाल्या, आणि चष्मा सावरून प्रत्येकीसाठी नवी वात वळू लागल्या.