सांध्यांचं मनन

आज मननासाठी एक काम डोळ्यांसमोर आणू या. एका गाडीचं इंजिन बदलायचं आहे आणि त्याच वेळी तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवून हातानं गिअर टाकायचा गिअरबॉक्स बसवायचा आहे. आपल्याला कुठंही वेळेत पोचायचं नाही. एकेक भाग पाहू, त्याच्यापाशी थांबू, मग पुढं जाऊ.

गाडी आहे निसानची 240एसएक्स. 1989 ते 1994 या मॉडेलवर्षांत अमेरिकेत विकली गेलेली पिढी, ताकद मागच्या चाकांना. बॉनेटखाली 2.4 लिटरचं केए24 इंजिन, बिडाच्या ब्लॉकचं. याच सांगाड्याची गाडी जपानमध्ये सिल्विया नावानं विकली गेली. 1991 पासून तिला एसआर20डीईटी हे 2 लिटरचं टर्बो इंजिन मिळालं: अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, 205 अश्वशक्ती. जपानमध्ये गाड्यांची ठरावीक काळानं होणारी सक्तीची तपासणी खर्चिक असते, म्हणून कितीतरी गाड्या इंजिन धडधाकट असतानाच मोडीत निघतात. त्यातली इंजिनं समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये येतात. सांगाडा एकच असल्यानं ती 240एसएक्समध्ये आपापल्या माउंटिंगवर नीट बसतात.

आता जे काढायचं आहे, त्याच्याकडे आधी आदरानं पाहू. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एक पंखा फिरवतं, तो पंखा तेल फेकत राहतो, आणि त्या तेलाच्या जोरानं समोरचा दुसरा पंखा फिरू लागतो. सिग्नलला गाडी उभी असते, इंजिन चालू असतं, आणि दोघांना जोडणारं असतं ते फक्त तेल. 1940 च्या मॉडेलची ओल्ड्समोबिल हायड्रामॅटिक गिअरबॉक्स घेऊन आली, तेव्हापासून डाव्या पायाला विश्रांती मिळाली. दुखऱ्या गुडघ्यांसाठी, तासन्‌तास रखडणाऱ्या रस्त्यांसाठी ही मोठी सोय आहे.

इथं पहिला प्रश्न स्वतःला विचारा. जे काम यंत्र माझ्यासाठी बिनतक्रार करत होतं, ते मला परत का हवं आहे? वेगासाठी, हे उत्तर पुरेसं नाही; आजचे कितीतरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलतात. मला वाटतं, खरं उत्तर असं आहे: चालत्या इंजिनाची आणि थांबलेल्या चाकांची गाठ पडते, तो क्षण आपल्या पायाखाली असावा, असं काहींना मनापासून वाटतं. ही इच्छा कुणाला पटवून द्यावी लागत नाही. मात्र ती आपल्याजवळ खरोखर आहे का, हे पान्हा हातात घेण्याआधी पाहून घ्यावं.

आता इंजिन उतरलं आहे. बॉनेटखालची रिकामी जागा पाहा. मोठ्या वस्तू बाहेर काढायला फार दिवस लागत नाहीत, आणि नव्या मोठ्या वस्तू मिळवणंही पैशाचं काम आहे. खरा वेळ पुढं जातो, आणि तो सगळा सांध्यांवर जातो.

पहिला सांधा क्रँकच्या मागच्या टोकाला. ऑटोमॅटिकमध्ये तिथं पातळ पत्र्याची चकती असते. आता तिच्या जागी जड फ्लायव्हील हवं, कारण क्लच प्लेटला घासायला सपाट, भक्कम पृष्ठभाग लागतो. त्याच टोकाच्या मधोमध एक छोटं बुश बसवायचं असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात टेकतं. हे बुश विसरलं, तर सगळं जोडून झाल्यावर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. त्या बुशपाशी जरा वेळ थांबा.

मग गिअरबॉक्स वर उचलायचा. क्लच प्लेट आधी बरोबर मध्यावर आणलेली असते. शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत शिरतात आणि बेलहाउसिंग सरकत इंजिनाला टेकतं. टेकत नसेल तर? थोडी फट राहिली की बोल्ट घालून आवळावेत आणि गिअरबॉक्स ओढून आणावा, असा मोह होतो. अनुभवी मिस्त्री तसं कधी करत नाही. तो मागं घेतो, कोन पाहतो, शाफ्ट किंचित फिरवतो, पुन्हा सरकवतो. दोन तोंडं हातानं एकमेकांना भिडली, की मगच बोल्ट. बोल्टचं काम भिडलेलं धरून ठेवण्याचं आहे. जे जुळलेलं नाही, त्याला जबरदस्तीनं जवळ आणायला गेलं की बेलहाउसिंगचे कान तुटतात, क्लच प्लेट वाकते. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही शिस्त.

आता आत, ड्रायव्हरच्या पायांपाशी या. ब्रेकचं रुंद पेडल जाऊन अरुंद येणार, आणि डावीकडे क्लचचं. जपानहून आलेल्या संचातलं पेडल इथं चालत नाही, कारण ती गाडी उजव्या स्टिअरिंगची होती. पेडल शोधावं लागतं अमेरिकेतच भंगारात निघालेल्या मॅन्युअल 240एसएक्समधून. एका बदलासाठी दोन देशांतल्या, संपलेल्या दोन गाड्या आपापला भाग देतात. त्या अनोळखी गाड्यांचं क्षणभर स्मरण करा.

सगळं बसलं. किल्ली फिरवली, आणि स्टार्टर गप्प. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याची खूण मिळाल्याखेरीज स्टार्टरला वीज सोडत नाही. ती खूण देणारा स्विच जुन्या गिअरबॉक्सबरोबर गेला. तारा अजून त्याचीच वाट पाहत आहेत. ती जोडणी आता क्लच पेडलच्या स्विचकडे न्यायची. गाडी मागं घेताना लागणाऱ्या दिव्याची तार नव्या गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला द्यायची. प्रोपेलर शाफ्टही मॅन्युअलच्या लांबीचा घ्यायचा. निघून गेलेली वस्तू आपल्या अपेक्षा मागं ठेवून जाते, आणि त्या एकेक करून भागवाव्या लागतात.

अखेर पहिला गिअर. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या बहुतेकांच्या डाव्या पायाला ही जागा ठाऊक आहे: पेडल हळूहळू वर येतं, इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, गाडीला ओढ लागते. तिथं फ्लायव्हील फिरतं आहे आणि चाकं स्थिर आहेत. क्लच प्लेट दोघांमध्ये घसरते, तापते, आणि त्या घसरण्यातूनच दोघांचा वेग एक होतो. घसरलीच नाही तर धक्का बसून इंजिन बंद पडेल. घसरतच राहिली तर प्लेट जळेल. नवीन क्लच बसला, की पहिले काही शे किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवतात, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सरावतात.

भारतात कुणाला असं काम करावंसं वाटलं, तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी पाहावी. नोंदणीत उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. कायदा हाही या कामातला एक सांधाच आहे.

आता आपल्या स्वतःच्या एखाद्या बदलाकडे वळा. नवं गाव, नवी नोकरी, घरात आलेलं नवं माणूस. मोठा भाग आपण कदाचित आधीच बदलला आहे, आणि तरी काहीतरी अडतं आहे. त्या निर्णयाला दोष देऊ नका. कुठलं बुश राहिलं, कुठली तार अजून जुन्याची वाट पाहते आहे, हे शोधा. जिथं फट दिसेल तिथं बोल्ट आवळायची घाई करू नका. मागं घ्या, कोन पाहा, पुन्हा सरकवा. आणि जुळल्यावरही सुरुवातीचे काही दिवस सौम्यपणे चाला. नव्यानं जोडलेल्या गोष्टींना एकमेकांचा सराव व्हायला तेवढा अवकाश द्यावाच लागतो.