जीर्ण कशाला म्हणावे?

माणूस एखादी वस्तू केव्हा टाकून देतो? प्रश्न इतका साधा आहे की तो विचारणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतील. वस्तू जुनी झाली, मोडली, उपयोगाची राहिली नाही की माणूस ती टाकतो; यात विचार करण्यासारखे आहे काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे देहांतर समजावून देताना जुन्या वस्त्रांचा दृष्टांत दिला आहे. तो आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आत्म्याविषयी आपल्याला काही कळो वा न कळो, वस्त्राविषयी मात्र सारे कळले आहे असे समजतो. परंतु त्या दृष्टांतात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माणूस वस्त्र टाकतो ते जीर्ण झाल्यावर! ज्या समाजाला तो सांगितला गेला त्या समाजात धडधाकट वस्त्र कोणी टाकीत नसले पाहिजे. नाहीतर दृष्टांताचे सारे बळच निघून गेले असते. आज एखाद्या सुखवस्तू घरातल्या मुलाला तो सांगून पाहा. ‘म्हणजे आत्म्याला शरीराचा कंटाळा येतो का?’ असे तो विचारील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

मला हा प्रश्न पडला तो मात्र वस्त्रावरून नव्हे, संगणकाच्या कळफलकावरून. (कळफलक हा शब्द सरकारी वाटत असेल तर कीबोर्ड म्हणावे, माझी हरकत नाही.) दिवाळीच्या तोंडावर घरोघरी माळे उपसले जातात. हल्ली त्या पसाऱ्यात, बिनझाकणाच्या डब्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी, वायर गुंडाळलेला एखादा कळफलक हमखास निघतो. तो टाकवत नाही आणि वापरवतही नाही. शालान्त परीक्षेपलीकडे माझी मजल गेलेली नसल्यामुळे थोरामोठ्यांच्या ग्रंथांत याचे उत्तर शोधण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. ओळखीच्या मंडळींनाच विचारत सुटलो: ‘तुम्ही कळफलक किती दिवसांनी बदलता, आणि का?’

उत्तरे मोठी मासलेवाईक मिळाली. एका कचेरीतले गृहस्थ म्हणाले, ‘चहा सांडला की.’ ‘आणि चहा केव्हा सांडतो?’ ‘दोन वर्षांतून एकदा.’ दुसऱ्या एकांचा कळफलक पूजेने गेला. दसऱ्याला आयुधपूजन म्हणून संगणकाला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात आणि वर अक्षता टाकतात. त्या अक्षता कळींच्या फटींतून आत जातात आणि तिथेच राहतात. भक्तीच्या भाराखाली प्राण सोडणारे हे बहुधा पहिलेच आयुध असावे. एका बाईंनी सांगितले की एकच कळ गेली होती, पण ती नेमकी मागचे अक्षर खोडण्याची. तिच्यावाचून त्यांचे एक पानही पुढे सरकेना. आणि पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, ‘मामा, माझ्याकडे तीन आहेत. तिन्ही चांगले आहेत. पण नवीन घेतलाय ना, त्याचा आवाज काय सुंदर येतो! तू एकदा टाइप करून तर बघ.’

वापरून वापरून झिजला म्हणून टाकला, असे मात्र एकानेही सांगितले नाही. त्याचे कारण मी कागदावर मांडून पाहिले. साध्या कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची एक टोपी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या व खालच्या पापुद्र्यांवर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा ओढलेल्या असतात, मधल्याला भोके असतात. कळ दाबली की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते, आणि पडद्यावर अक्षर उमटते. बस्स, एवढेच यंत्र. अशा एका कळीचे आयुष्य निर्माते पन्नास लाखांपासून एक कोटी दाबांपर्यंत सांगतात. आता साठ हजार शब्दांची एक कादंबरी धरा. शब्दाला सात दाब म्हटले तर ४ लाख २० हजार. तीन वेळा लिहून काढली तर साडेबारा लाखांच्या आसपास. दहा दाबांमागे एक काना येतो असे धरले, तरी एका कादंबरीत कान्याची कळ सव्वा लाख वेळा दाबली जाईल. म्हणजे ती निकामी व्हायला किमान चाळीस कादंबऱ्या लिहाव्या लागतील. वाचकांवर इतका अन्याय करण्याचा माझा विचार नाही.

झिजतात ती अक्षरे, कळींवर छापलेली. आमच्या गावात लग्नपत्रिका आणि अहवाल टाइप करून देणारे एक गृहस्थ आहेत. नऊ वर्षे त्यांचा एकच कळफलक आहे, आणि त्यावर धड दिसणारी अक्षरे पाच-सहाच उरली आहेत. मोठी जागा सोडणारी आडवी कळ एकाच ठिकाणी आरशासारखी चकाकते, कारण त्यांचा उजवा अंगठाच काय तो काम करतो. गंमत अशी की कोणती अक्षरे पुसली गेली यावरून कळफलकाने आयुष्य कोणत्या भाषेत काढले ते सांगता येते. इन्स्क्रिप्ट नावाची जी प्रमाण मांडणी आहे, तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. इंग्रजी लिहिणाराची ‘जे’ आणि ‘एक्स’ ही अक्षरे वर्षानुवर्षे कोरी राहतात. मराठी लिहिणाराची ती लवकर पुसतात, कारण ‘जे’वर र आहे आणि ‘एक्स’वर अनुस्वार. ‘ई’ मात्र दोघांचीही जाते. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे अक्षर तेच, आणि मराठीचा काना त्याच कळीवर बसलेला! या गृहस्थांना मी विचारले, ‘नवा घेत का नाही?’ ते म्हणाले, ‘गुरुजी, याला माझी बोटं माहीत आहेत.’

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटू लागले की आपला निबंध आता लिहून झालाच. या गृहस्थांना सद्गुणी ठरवावे, भाच्याला चंगळखोर ठरवावे, जाता जाता आजीची गोधडी आणि दारावर येणारा कल्हईवाला यांची आठवण काढावी, आणि पूर्वीचे लोक वस्तूंवर कसे प्रेम करीत असे म्हणून डोळे पुसावे. परंतु ते खरे नाही. आजी गोधडी शिवीत असे ती प्रेमापोटी खरीच, पण त्याआधी थंडीपोटी. आणि कल्हईवाला दिवसभर भाता ओढून घरातली सगळी भांडी उजळून देत असे, कारण त्याचा दिवस भांड्यापेक्षा स्वस्त होता. वस्तू टिकत होत्या, कारण माणूस स्वस्त होता. ज्याला दुसरे काही घेणे शक्यच नव्हते, त्याच्या काटकसरीला गुण म्हणायचे की गरिबी, हे मी तरी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आज हिशेब उलटा झाला आहे. तीन-चारशे रुपयांत नवा कळफलक मिळतो. दुरुस्त करणारा खोलण्याचेच दोनशे मागतो, आणि ते त्याने का मागू नयेत? त्यालाही घर आहे. पण या स्वस्ताईत माणूस महाग झाला असे समजण्याचे कारण नाही. स्वस्त माणूस आपल्या नजरेआड गेला, एवढेच. टाकलेली यंत्रे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हातांनी फोडली जातात. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निघाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. त्यात कळफलकाला तर कोणी वालीच नाही. त्यात ना सोने, ना मोजण्याजोगे तांबे; नुसते प्लॅस्टिक.

शिवाय टाकावे की ठेवावे हे ठरवणे नेहमी आपल्या हाती असते, असेही नाही. ॲपल कंपनीने २०१५ ते २०१९ या काळात आपल्या अनेक लॅपटॉपना अतिशय पातळ कळींचा एक कळफलक बसवला. धुळीचा एखादा कण आत गेला तरी कळ अडे. आणि हा कळफलक वरच्या कवचाला असा जखडलेला की एका कळीपायी ते कवच, आतल्या बॅटरीसकट, बदलावे लागे. २०१८ साली कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०२२ साली अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. याच्या उलट आयबीएम कंपनीचा ‘मॉडेल एम’ हा १९८५ सालचा कळफलक. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग, वजन वीटभर; त्यांतले कित्येक आजही कामात आहेत. एका वस्तूचे आयुष्य तिच्या जन्माआधीच तोकडे करून ठेवलेले, दुसरीचे लांबवलेले. आपल्या कंटाळ्याला आपण जबाबदार आहोत हे मला मान्य आहे. पण ज्या वस्तूला दुरुस्तीची वाटच ठेवली नाही, तिच्या मरणाचे पाप गिऱ्हाइकाच्या माथी का मारावे?

हे सगळे डोक्यात घोळत असताना आमच्या शाळेचा विषय निघाला. शाळेच्या संगणक खोलीत अकरा यंत्रे आहेत. कळफलकांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. दोन पावसाळ्यांत बहुतेक निघून गेल्या, आणि मुलांच्या नखांनी इंग्रजी अक्षरेही पुसली. नवे घ्यावेत असा विषय बैठकीत निघाला तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, ‘चालतायत ना? मग कशाला?’ काटकसरीचे सारे पुण्य त्यांच्या बाजूला होते. नऊ वर्षांच्या कळफलकाचा दाखला तर मीच त्यांना पुरवला असता.

पण मी आदल्याच दिवशी सहावीचा तास पाहिला होता. पस्तीस मिनिटांचा तास, एका यंत्रापुढे दोघी. त्यांतल्या एकीचे नाव अ-ने सुरू होते. इन्स्क्रिप्टमध्ये अ काढायला शिफ्टची कळ धरून ‘डी’ दाबावी लागते. ‘डी’ पुसलेली, शिफ्टवरचे अक्षर पुसलेले. ती मुलगी एकेक कळ दाबून पाही, भलतेच अक्षर उमटले की खोडी, पुन्हा दुसरी दाबी. शेजारणीची पाळी आलीच नाही. तास संपला तेव्हा पडद्यावर नावाची दोन अक्षरे होती, आणि ‘मला कॉम्प्युटर येत नाही,’ असे ती शेजारणीला सांगत होती.

कळफलक चालत होता. तंत्रदृष्ट्या त्यात तिळमात्र दोष नव्हता. लग्नपत्रिका करणाऱ्या त्या गृहस्थांपुढे तो ठेवला असता तर त्यांनी त्यावर एका बैठकीत दहा पाने काढली असती. त्यांच्या हाती जो ऐन भरात आहे, तोच त्या मुलीच्या हाती जीर्ण होता. एखादी वस्तू संपली की नाही हे मी इतके दिवस त्या वस्तूकडे पाहून ठरवू पाहत होतो, ‘चालतोय ना?’ या प्रश्नात ‘कोणाला?’ हा शब्द गाळलेला आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि तो गाळणारे लोक नेहमी आपली बोटे तयार असलेले असतात. काटकसर ज्याने करायची त्यानेच तिची कळ सोसावी, हे एक वेळ समजू शकते. सभासदांच्या काटकसरीची कळ सहावीतल्या मुलीने का सोसावी, हे मला समजत नाही.

बैठकीत मी एवढेच म्हटले. वाद झाला, वडीलधाऱ्यांना राग आला. शेवटी नऊ कळफलकांना नव्या चिकटपट्ट्या आणि दोन अगदीच बिघडलेल्यांच्या जागी नवे, असे ठरले. दोन नव्यांपैकी एकाचे पैसे अजून मंजूर व्हायचे आहेत. तोवर म्हणून मी भाच्याकडे त्याच्या तिनांतला एक मागितला. त्याने आनंदाने दिला, सर्वांत जास्त आवाज करणारा. आता सहावीचा संगणकाचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात, आणि त्या यंत्रापुढे बसायला मिळावे म्हणून मुली घंटा व्हायच्या आधीच रांग लावतात.