तसबिरीतली बाई

लक्ष्मीपूजनाआधी भिंतीवरची तसबीर उतरवून तिची काच पुसायची, हे आमच्या धायरीच्या घरात माझ्याकडचे काम. तसबीर रविवर्म्याच्या लक्ष्मीची, लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातली. माझ्या आजीने हौसेने तिच्या लुगड्याला जरीची तार आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या आता गळून काचेच्या तळाशी बसल्या आहेत. यंदा मी पुसत असताना सूनबाई जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, ही सुगंधाच ना?"

आदल्या रात्री आम्ही सर्वांनी बसून 'रंगरसिया' पाहिला होता. रणजित देसायांच्या 'राजा रविवर्मा' या १९८४ च्या कादंबरीवरून केतन मेहतांनी हा चित्रपट काढला. तो २००८ साली पुरा झाला आणि सेन्सॉरच्या वादातून सुटून २०१४ साली पडद्यावर आला. त्यातली सुगंधा चित्रकारासमोर बसते, त्याच्यावर जीव लावते, समाज तिला नावे ठेवतो आणि शेवटी ती आपला जीव देते. खोटे कशाला सांगू, माझेही डोळे ओले झाले.

पण सूनबाईचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. सुगंधा ही कादंबरीकाराने उभी केलेली स्त्री. कल्पिताला मुभा असते हे मला मान्य आहे. देसायांवर माझा रागही नाही. कल्पित स्त्रीवर अन्याय तो कसला, असेही कोणी विचारील. माझे दुखणे निराळे आहे. त्या कल्पित बाईने एका खऱ्या बाईची जागा घेतली आणि ती आपण आनंदाने दिली.

रविवर्म्याच्या चित्रांना बसलेल्या स्त्रियांत अंजनीबाई मालपेकरांचे नाव सांगितले जाते. १८८३ साली गोव्यात जन्मलेल्या या बाई भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे लहानपणापासून शिकल्या. १९०६ साली चित्रकार वारला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या अडुसष्ट वर्षे जगल्या. गायल्या, शिष्य घडवले. कुमार गंधर्वांनी त्यांच्याकडे विद्या घेतली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली. या आयुष्यावर चित्रपट काढायचा तर शेवट कुठे करणार? गळफास नाही, नदी नाही. रोज सकाळी तंबोरा जुळवणे आहे. तिकीटबारीला ते परवडत नाही. आणि बारीला दोष देऊन तरी मी सुटतो कसा? तिकीट माझ्यासारखाच काढतो ना!

कलावंताच्या प्रेमकथेत बाईने मरावे, अशी आपली एक छुपी अपेक्षा असते. ती मेली की त्याच्या चित्राला मोल चढते, आपल्याला रडल्याचे समाधान मिळते आणि तिच्याकडे आपले काही देणे उरत नाही. जगली, म्हातारी झाली, शिकवीत राहिली, तर तिचे ऐकावे लागते. आणि ऐकायला कान तयार करावा लागतो, नुसते डोळे भिजवून भागत नाही. रविवर्म्याचा मोठेपणा मला यात कमी करायचा नाही. देवघरात देवीला चेहरा त्याने दिला, तोही माझ्या आजीला परवडेल अशा दरात. पण त्या चेहऱ्यासाठी तासन्‌तास अंग न हलवता कोणी तरी बसले होते, हे काम होते. आणि मी त्याला केवळ प्रेमप्रकरण समजत आलो.

मी सूनबाईला म्हटले, "सुगंधा नव्हे." ती जराशी खट्टू झाली. मग मी तिला अंजनीबाईंचे सांगितले आणि सांगता सांगता मलाच एक गोष्ट आठवली. किशोरी आमोणकरांनी मींड अंजनीबाईंकडून घेतली होती. किशोरीताईंच्या तबकड्या मी याच खोलीत, याच तसबिरीखाली बसून चाळीस वर्षे ऐकत आलो आहे.

"लावा ना मग," ती म्हणाली. मी 'भूप' लावला. ती पाटावर रांगोळीचा डबा घेऊन बसली आणि मी गळलेल्या टिकल्या एकेक चिमटीत धरून पुन्हा काठावर चिकटवू लागलो.